‘घरची मजुरी’ नावाचा लाल रकाना: शेतीचा धंदा शिकवणारा कोर्स वर्षभर वापरल्यावर

कोर्सची मुदत संपली आणि माझ्याच नोंदींना कुलूप लागलं. कांद्याला खतं किती लागली एवढंच बघायचं होतं, तर स्क्रीनवर आलं: आधी २,४९९ भरा. म्हणून लिहायला घेतलं.

कोर्सची जाहिरात बहुतेकांनी फोनवर पाहिलीच असेल. चार महिने व्हिडिओ, रविवारी ऑनलाइन वर्ग, वर्षभर हिशोबाचं ॲप, फी ४,९९९. आमची जमीन जुन्नर तालुक्यात, अडीच एकर, विहीर आणि ठिबक. टोमॅटो, मेथी-कोथिंबीर आणि उन्हाळी कांदा. घरातला हिशोब माझ्याकडे, म्हणून कोर्सही माझ्या नावावर.

व्हिडिओ निम्मे सोडून दिलेत तरी चालतील. प्रतवारी करा, ब्रँड करा, पुण्यातल्या सोसायट्यांना थेट विका. नारायणगावहून पुणे पाऊणशे किलोमीटर, टेम्पोचं भाडं कोण देणार ते व्हिडिओत नाही. घसाऱ्याचा, म्हणजे टिकाऊ वस्तूचा खर्च ती वापरू तितक्या वर्षांत वाटायचा, हा धडा मात्र चांगला होता. बांबू आणि तार आम्ही आणतो त्याच वर्षाच्या खर्चात टाकायचो, त्यामुळे ते वर्ष तोट्याचं आणि पुढची उगाच फायद्याची वाटायची. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे हिशोब मागायला कुणी येत नाही आणि आपणही ठेवत नाही. असं रविवारच्या वर्गातले सर म्हणाले, ते मला पटलं.

आता रकान्याबद्दल. प्रत्येक कामाच्या नोंदीत ‘घरची मजुरी’ भरावीच लागते. रिकामी ठेवली की लाल, शून्य टाकला तरी लाल. नवरा म्हणाला, घरच्या कामाचे कसले पैसे धरायचे, आपण काय आपल्याला पगार देतो का? मीही पहिले दोन महिने वैतागून काहीतरी आकडा ठोकत होते. हेल्पलाइनला फोन केला तर तिकडचा मुलगा म्हणाला, “मॅडम, एक रुपया टाका ना.”

रविवारी सरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की हमीभाव काढताना सरकारसुद्धा हाच खर्च धरतं. ‘ए२ अधिक एफएल’ म्हणतात त्यातलं ए२ म्हणजे प्रत्यक्ष खिशातून गेलेला खर्च आणि एफएल म्हणजे घरच्या माणसांची मजुरी. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभाव जाहीर झाला तो याच खर्चावर. शेतकरी संघटना मागतात तो सी२, त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड (भाडं) आणि भांडवलाचं व्याजही येतं. टोमॅटोला आणि मेथीला हमीभाव नाही हा भाग वेगळा. पण ज्या पिकांना आहे त्यांच्या हिशोबात शेतकऱ्याच्या बायकोचे हात धरतात आणि आपल्याच वहीत धरत नाहीत, हे ऐकल्यावर मी रकाना नीट भरायला लागले.

तिथे दुसरी गोष्ट खटकली. ॲपमध्ये रोजाचा दर ठरलेला: पुरुष ५००, महिला ३००. आमच्याकडे बाहेरचे मजूर याच दराने येतात, म्हणून दर खोटा नाही. पण बाहेरची बाई दहाला येते, पाचला जाते. मी फवारणीची नळी ओढते, क्रेट भरते. आठवड्याआड रात्रपाळीची लाईट असते तेव्हा बॅटरी घेऊन पाणी द्यायलाही जाते, आणि ते बिबट्याच्या तालुक्यात. त्या कामाला बाहेरचा माणूस ५०० लाही येत नाही. ॲपमध्ये माणसागणिक दर बदलता येत नाही. शेवटी मी स्वतःला ‘पुरुष’ म्हणून नोंदवलं. ॲपने काही हरकत घेतली नाही.

आणि टोमॅटोचा हिशोब फिरला. वीस गुंठे होते. रोख खर्च साधारण ६८ हजार, पट्ट्यांचे (बाजारातल्या विक्रीच्या पावत्यांचे) हातात आले ९९ हजार, शिल्लक ३१. माझा रोज ३०० धरला तर घरची मजुरी २८ हजार, म्हणजे ३ हजार नफा. ५०० धरला तर ३४ हजार, म्हणजे ३ हजार तोटा. तोच प्लॉट, तेच क्रेट. नवऱ्याला दोन्ही आकडे दाखवले. तो बराच वेळ फोन वरखाली करत राहिला, मग म्हणाला, “तीनशेच राहू दे.” नाही राहू दिले.

या रकान्यासाठी मी कोर्सला साडेतीन तारे देणार होते. पण जे खरं कामाचं आहे ते ॲप दाखवतच नाही. घरचा एक रोज कुठल्या पिकात घातला तर किती सुटतात? साधा भागाकार आहे. मी कॅल्क्युलेटरवर केला. टोमॅटोत घरचे ऐंशीच्या आसपास रोज गेले, ३१ हजारांत रोजाला ३९० पडले. दहा गुंठे मेथीत रोख खर्च जाऊन ९ हजार राहिले, घरचे रोज जेमतेम दहा, म्हणजे ९००. हे बघून सगळी मेथीच करायची असं नाही. सगळ्यांची एकदम आली की जुडीला काढणीचाही खर्च निघत नाही, रोटर फिरवून मातीत गाडावी लागते. आणि २०२३ च्या जुलैसारखा टोमॅटोचा क्रेट दोन हजारांवर गेला की कुठलाच भागाकार कुणी ऐकत नाही. तरी यंदा टोमॅटो वीसऐवजी बारा गुंठे केला. उरलेल्यात तीन टप्प्यांत मेथी-कोथिंबीर, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने.

विक्रीची नोंद हे तर नुसतं डोकं खाणं. ॲपला वजन किलोत हवं, आमची मेथी शेकड्यावर विकते. शंभर जुड्यांचे किलो किती? २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्यापासून अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, खरेदीदाराकडे गेली. पण पट्टीत हमाली, तोलाई दिसतेच, गाडीभाडं वेगळं. यातल्या एकालाही ॲपमध्ये जागा नाही, सगळं ‘इतर’मध्ये कोंबायचं. पिकाच्या खर्चाचा ‘इतर’ सगळ्यात मोठा दिसतो, मग कसला धंदा शिकलो?

हे सगळं चालवून घेतलं असतं. पण मुदत संपल्यावर स्वतःच्या नोंदी मागितल्या तेव्हा आधी “नूतनीकरण करा”, मग “वरच्यांना कळवलंय”, मग फोनच नाही. लेखी तक्रार टाकली तेव्हा एक पीडीएफ आली, तीही नुसत्या तारखांच्या क्रमाने, पीकवार नाही. दोन रात्री बसून मी ती वहीत उतरवली. आता शंभरपानी वही आहे, पहिलाच रकाना घरच्या मजुरीचा, प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा रोज. सासूबाईंचा ४००, तो त्यांनी स्वतः ठरवला.

पूर्वी कधीच हिशोब ठेवला नसेल तर एक वर्ष घ्यायला हरकत नाही, पण मुदत लागवडीच्या आधी सुरू होईल असं बघा. मध्येच घेतलात तर रोपं, मल्चिंग, सरी पाडायचा ट्रॅक्टर हे मागच्या तारखेने टाकता येत नाही. आणि दर महिन्याला प्रत्येक नोंदीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.