लोगो न दाखवणारी जर्सी : हुमेलची डेन्मार्क, विश्वचषक २०२२

फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की कोल्हापूरच्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत ब्राझील-अर्जेंटिनापुढं दुसरी जर्सी दिसत नाही. डेन्मार्क कोण मागणार? तरी जर्सी जमवणाऱ्यांनी आणि मंडळाचा किट ठरवणाऱ्यांनी हुमेल कंपनीची २०२२ची डेन्मार्क जर्सी एकदा हातात घ्यावीच.

लांबून ती नुसती लाल दिसते. उजेडात तिरकी धरली की छातीवरचं संघाचं चिन्ह, कंपनीचा लोगो आणि बाणांची पट्टी हळूहळू उमटते, सगळं लालावर लाल. पांढऱ्या जर्सीत तेच पांढऱ्यावर पांढरं, तिसरीत काळ्यावर काळं. कतारमध्ये स्पर्धेच्या तयारीत जीव गेलेल्या मजुरांसाठी शोकाचा रंग म्हणून काळा निवडला आणि अशा स्पर्धेत आम्हाला दिसायचंच नाही, असं कंपनीनं उघड सांगितलं. कतारच्या आयोजकांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. तिथं राबणाऱ्यांत नेपाळी आणि भारतीय मजूर मोठ्या संख्येनं होते, तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

जर्सी कंपनी संघाशी करार करते तीच मुळी लोगो टीव्हीवर दिसावा म्हणून. तोच पुसट करणं म्हणजे धंद्याच्या मुळावर हात घालणं. त्यात खेळातल्यांना बोलणं महागही पडतं. २०१९मध्ये ह्यूस्टन रॉकेट्स या अमेरिकी बास्केटबॉल संघाचे व्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी हाँगकाँगच्या आंदोलकांना पाठिंबा देणारं एक ट्वीट केलं, तर चीनच्या सरकारी टीव्हीनं एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचे सामने जवळपास वर्षभर दाखवले नाहीत. त्याच वर्षी फुटबॉलपटू मेसुत ओझिल चीनमधल्या उइगुर मुस्लिमांवरच्या अत्याचारांबद्दल बोलला आणि त्याच्या आर्सेनल क्लबनं लगेच अंग काढून घेतलं. त्या तुलनेत या जर्सीला दाद द्यायलाच हवी.

पण पूर्ण गुण नाहीत. संघ कतारला गेला, जर्सी विकली गेली. सरावाच्या शर्टावर मानवी हक्कांचा संदेश लिहायला फिफानं परवानगी नाकारली. भेदभावाविरुद्धचा ‘वन लव्ह’ आर्मबँड (दंडावरची पट्टी) घातला तर कॅप्टनला पिवळं कार्ड मिळेल म्हटल्यावर डेन्मार्कसह सात युरोपीय संघांनी तो घालायचा बेत सोडला. मैदानावर बोलायची वेळ आली तेव्हा कापडच तेवढं बोललं.

आता घेणाऱ्यांसाठी. लाल जर्सीवर चिन्ह पांढऱ्यात ठळक दिसत असेल तर ती ही जर्सी नव्हे. दुसऱ्या मोसमाची असेल किंवा कॉपी. आतली शिवण, वॉश लेबल आणि त्यावरचा मॉडेल नंबर जुळवून बघा. पाठीवर खेळाडूचा नंबर छापून घेताना लाल जर्सीच जास्त दगा देते. पॉलिस्टरचा रंग उष्णतेनं सुटतो आणि वरच्या विनाइलमध्ये, म्हणजे नंबर कापून चिकटवतात त्या प्लास्टिकच्या पातळ थरात, चढतो, म्हणून पांढरा १० नंबर काही दिवसांनी गुलाबी पडतो. साधं विनाइल १५० अंशांच्या पुढं दाबतात, तिथंच घोटाळा होतो. रंग अडवणारं, १३० अंशांच्या आसपास चिकटणारं विनाइल मागा. छातीचं पुसट चिन्ह नंबर दाबायच्या गरम प्रेसखाली येऊ देऊ नका, एकदा चपटं झालं की उजेडातही दिसणार नाही.

मंडळाच्या किटवर असाच परिणाम हवा असेल तर सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेनं शाई थेट कापडात मुरवणारी छपाई, बरं. पांढरं पॉलिस्टर घ्या, डिझाइनमध्ये चिन्हाची छटा मूळ रंगापेक्षा थोडीच गडद ठेवा आणि आधी एक तुकडा छापून बघा. स्क्रीनवर दिसणारा फरक कापडावर बऱ्याचदा उरत नाही. छपाई साधारण २०० अंशांवर मिनिटभराची असते. कॉटन मिसळलेलं कापड आणलं तर रंग फिकाच येणार.

धुताना उलटी करून गार पाण्यात धुवा, सॉफ्टनर नको, त्यानं घाम शोषायची ताकद जाते. कोल्हापूरच्या पावसात ओली जर्सी पिशवीत कोंबून ठेवली तर वास बसतो, मग तो निघत नाही. पंख्याखाली वाळवा, छापावर इस्त्री फिरवू नका. तिन्हीपैकी एकच घ्यायची तर काळी घ्या. लालइतकी सहज मिळणार नाही, पण हुमेलला जे म्हणायचं होतं ते तिच्यातच सगळ्यात स्पष्ट आहे.