एएसी ब्लॉक: भिंत गार ठेवतो, पण विटेसारखा बांधला तर नाही

बंगला असो की बिल्डरची छोटी स्कीम, बाहेरच्या भिंतींना 200 मिमीचा एएसी ब्लॉकच (ऑटोक्लेव्हड एरेटेड काँक्रीट, म्हणजे आत हवेचे बारीक बुडबुडे असलेला हलका ब्लॉक) घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. 9 इंची विटेच्या भिंतीची यू-व्हॅल्यू साधारण 2 असते. म्हणजे आत-बाहेर एक अंशाचा फरक पडला की दर चौरस मीटरमागे 2 वॅट उष्णता आत शिरते. या ब्लॉकच्या भिंतीत हाच आकडा 0.75 च्या आसपास येतो. शिवाय माती भाजावी लागत नाही, औष्णिक केंद्रांची राख कामी येते. सुका ब्लॉक वजनाला विटेच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, घनमीटरला 550 ते 650 किलो. वजन कमी, म्हणून इमारतीच्या सांगाड्यात स्टीलही कमी लागतं. मात्र ते स्टील वाचतं ते इंजिनिअरनं सुरुवातीपासून ब्लॉक धरून डिझाइन केलं तरच. प्लिंथ (जोतं) झाल्यावर ब्लॉक ठरवले, तर ती बचत गेलीच.

काम बिघडतं ते साइटवर. गवंड्याचा हात विटेवर बसलेला, त्यामुळे ब्लॉक हौदात भिजवला जातो आणि वर 12 मिमी मसाला थापला जातो. भिजलेला ब्लॉक सुकताना आकसतो आणि काही महिन्यांनी गिलाव्यात जिन्याच्या पायऱ्यांसारखी भेग उठते. ते जाड सांधे भिंतीचा सुमारे साडेसात टक्के भाग व्यापतात, आणि सिमेंटमधून उष्णता सरळ आत येते. 3 मिमी ब्लॉक अ‍ॅडहेसिव्ह (ब्लॉक चिकटवायचं तयार मिश्रण) वापरलं की सांधे 2 टक्क्यांवर येतात. पहिला थर तेवढा साध्या मसाल्यावर लेव्हलमध्ये बसवा. पुढे ब्लॉकची धूळ ब्रशनं झाडायची, पाणी फक्त शिंपडायचं आणि दातेरी थापीनं अ‍ॅडहेसिव्ह ओढायचं. बीमखाली 10-15 मिमी फट सोडून ती शेवटी भरा. आधीच ठासून भरली तर बीमचा भार भिंतीवर येतो. कॉलमच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना 150 मिमी जाळी हवीच. वायरिंगच्या खाचा कटरनं मारा, छिन्नी-हातोड्यानं ब्लॉक फुटतो. गीझर टांगायला स्क्रूचा साधा प्लास्टिक प्लग टिकत नाही, केमिकल अँकर (रसायनानं भिंतीत घट्ट बसवलेला बोल्ट) लावा.

आणि स्लॅब! घरांच्या ऊर्जाबचतीसाठी केंद्र सरकारनं काढलेल्या इको निवास संहितेत (2018) छपराच्या यू-व्हॅल्यूची मर्यादा 1.2 आहे, उघड्या स्लॅबची 3 च्या वर जाते. भिंती ब्लॉकच्या करून स्लॅब तसाच तापू दिला, तर वरच्या मजल्याला फारसा फायदा नाही. वॉटरप्रूफिंगवर 50 मिमी एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारा कडक फोम), त्यावर कोबा आणि पांढऱ्या टाइल्स, एवढं कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्या.