'ड्यून : पार्ट टू' : गाळलेली वर्षे आणि हरवलेली गिल्ड

फ्रँक हर्बर्ट यांच्या 1965 सालच्या कादंबरीचा उत्तरार्ध डेनी व्हिलनव्ह यांनी 'ड्यून : पार्ट टू' या 166 मिनिटांच्या चित्रपटात मांडला आहे. मार्च 2024 मध्ये तो प्रदर्शित झाल्यापासून ठाण्यातल्या आमच्या विज्ञानकथाप्रेमी मंडळींत त्याच्या कथनातील त्रुटींवरून जो वाद सुरू झाला, तो अद्याप मिटलेला नाही. एका बाजूला कादंबरी कोळून प्यालेले नौपाड्यातले एक काका आहेत, तर दुसऱ्या बाजूला मूळ पुस्तक कधी हातात न घेतलेली, घोडबंदर रस्त्याकडची कॉलेजची मुले आहेत. माझ्या मते या वादात काय काय वगळले याची यादी करण्यातच बहुतेक शक्ती खर्च होते आणि वगळल्यामुळे उरलेल्या कथेचा कोणता सांधा निखळला, हा खरा प्रश्न मागे पडतो.

थुफिर हवात याचेच उदाहरण घ्या. पहिल्या भागात दिसलेला हा वृद्ध मेंटाट, म्हणजे मानवी गणकयंत्रच, दुसऱ्या भागात कोठेही नाही आणि त्याचे पुढे काय झाले हे कोणी सांगतही नाही. काकांना याचे फार वाईट वाटते; खुद्द व्हिलनव्ह यांनीही हवातला वगळणे क्लेशदायक होते असे सांगितले आहे. तरीही त्याच्याविना कथा अडत नाही. कीर्तनकार आख्यान लावताना उपकथा गाळतो, तसाच हा प्रकार आहे.

काळाच्या बाबतीत मात्र असे म्हणता येत नाही. कादंबरीत शत्रू हार्कोनेन घराण्याने घात केल्यावर अट्रेडीस घराण्याचा वारस आणि कथानायक पॉल अराकिस या ग्रहावरच्या वाळवंटात पळून जातो, त्यानंतर काही वर्षे उलटतात. त्याची बहीण आलिया जन्मते, बोलू लागते. पॉल आणि त्याची प्रेयसी चानी यांना मुलगा होतो आणि तो मारलाही जातो. चित्रपटात पॉलची आई जेसिका आरंभी गरोदर आहे आणि अखेरीसही गरोदरच आहे. म्हणजे त्या वाळवंटात राहणाऱ्या फ्रेमेन लोकांच्या चालीरीती आत्मसात करणे, महाकाय वाळूकृमीवर स्वार होणे, चानीचे प्रेम मिळवणे, हार्कोनेनांची मसाल्याची, म्हणजे त्या वाळवंटात मिळणाऱ्या मौल्यवान द्रव्याची, वाहतूक उद्ध्वस्त करणे आणि सम्राटाला गुडघे टेकायला लावणे हे सारे नऊ महिन्यांच्या आत उरकते. यावर मुलांचे उत्तर विचार करण्याजोगे आहे : बेने जेसेरिट भगिनीसंघाने तारणहाराची भाकिते शतकानुशतके पेरून ठेवली होती, तेव्हा तयार जमिनीत पीक लवकर येणारच. फ्रेमेनांचा नेता स्टिलगार याची वाढत जाणारी भक्ती पाहता हे मला पटते. परंतु श्रद्धा पेरून ठेवता येते, तसे सहजीवन पेरता येत नाही. पॉल आणि चानी यांच्या वाट्याला एकत्र जगलेली वर्षे आणि एकत्र सोसलेले दुःख आले असते, तर शेवटच्या ताटातुटीचा घाव कितीतरी खोल गेला असता.

सर्वांत मोठी त्रुटी मात्र स्पेसिंग गिल्डची, म्हणजे ताऱ्यांमधली वाहतूक हाती असलेल्या संघाची, आहे, आणि तिच्याविषयी आमच्याकडे सर्वांत कमी बोलले जाते. अराकिसवरचा मसाला मोलाचा का, तर त्याच्या सेवनाविना गिल्डच्या नाविकांना ताऱ्यांमधला सुरक्षित मार्ग दिसत नाही. पहिल्या भागात हे एकदा सांगितले जाते आणि नंतर गिल्ड जवळजवळ अदृश्य होते. कादंबरीच्या शेवटच्या प्रसंगात गिल्डचे प्रतिनिधी समोर उभे असतात. मसाला कायमचा नष्ट करण्याची पॉलची धमकी ऐकून ते भयभीत होतात आणि ग्रहाभोवती जमलेल्या सरदार घराण्यांची जहाजे परत पाठवतात. धमकी, तिचा परिणाम होणारा माणूस आणि त्याची कृती हे तिन्ही दुवे तेथे डोळ्यांसमोर आहेत. चित्रपटात पॉल मसाल्याच्या क्षेत्रांवर अण्वस्त्रे रोखतो, पण ज्याला त्याची खरी भीती वाटावी तो पक्षच दालनात नाही. मग महान घराणी त्याचे सम्राटपद नाकारतात आणि फ्रेमेन युद्धासाठी जहाजांत चढू लागतात. मसाल्यावाचून सर्वांचाच आंतरतारकीय प्रवास थांबणार असेल, तर ही घराणी एवढा धोका कशाच्या बळावर पत्करतात? आणि फ्रेमेन सैन्याला दुसऱ्या ताऱ्यांपर्यंत कोण घेऊन जाणार? गिल्डच्या एका दूताला दिलेली दोन मिनिटे या दोन्ही प्रश्नांना पुरली असती, आणि 166 मिनिटांत ती सापडू नयेत याची मला मनापासून खंत वाटते.

चानीविषयी मी काकांच्या विरोधात आहे. पुस्तकातली चानी अखेरपर्यंत पॉलच्या पाठीशी राहते. चित्रपटात झेंडाया या अभिनेत्रीने साकारलेली चानी भाकिते मानत नाही, आणि पॉल सत्तेसाठी राजकन्या इरुलानचा हात मागतो तेव्हा ती एकटीच निघून जाते. पॉल हा वंदनीय नायक नव्हे, हे हर्बर्ट यांना 1969 मध्ये 'ड्यून मेसाया' लिहून अधिक स्पष्ट करावे लागले होते. ते या चित्रपटात चानीच्या चेहऱ्यावरच वाचता येते. हा बदल त्रुटींच्या यादीत घालणे अन्यायाचे आहे.

ध्वनी आणि दृश्यपरिणाम यांना मिळालेली ऑस्कर पारितोषिके सार्थ आहेत. काळ्या सूर्याखालचे, रंग हरपलेले गिएदी प्राइम, म्हणजे हार्कोनेनांचा ग्रह, मोठ्या पडद्यावरच पाहावे. घरी पाहणार असाल, तर आदल्या दिवशी 2021 चा पहिला भाग पाहा आणि त्यात पॉल मसाल्याविषयीची फिल्मपोथी (माहिती सांगणारी चित्रफीत) ऐकतो तो प्रसंग लक्षपूर्वक ऐका, कारण दुसऱ्या भागाच्या शेवटाला लागणारा गिल्डचा संदर्भ तेथेच आहे.