दिवाळीच्या सुटीतील एआय वर्ग: सहा दिवस उत्तम, चार दिवस वाया

गेल्या दिवाळीच्या सुटीत जळगावातील एका खासगी संगणक संस्थेने पाचवी ते दहावीच्या मुलांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी बसलेल्या ‘एआय’चा, दहा दिवसांचा वर्ग घेतला. सातवीत शिकणारी माझी मुलगी आणि यावल तालुक्यातील आमच्या गावाहून सुटीत राहायला आलेला नववीतला पुतण्या, अशा दोघांना मी तेथे घातले. रोज दोन तास आणि फी प्रत्येकी साडेतीन हजार रुपये. पुढे काही आक्षेप नोंदवायचे असल्यामुळे संस्थेचे नाव लिहीत नाही. अशा वर्गांच्या जाहिराती आता चौकाचौकांत लागतात, तेव्हा त्यांत काय पाहून घ्यावे हे सांगितलेले पालकांना अधिक उपयोगी पडेल.

‘आज शिकला नाही तर उद्या मागे पडेल’ हे जाहिरातीतील वाक्य वाचून मी प्रथम पत्रक बाजूलाच ठेवले होते. पालकांच्या धास्तीवर चालणाऱ्या शिकवण्या आपल्याकडे काही कमी नाहीत, आणि सातवीतली मुलगी नोकरीला लागेल तेव्हा आजची साधने तशीच असतील असे मानायलाही आधार नाही. तरीही पाठवले, कारण पुढचा व्हिडिओ कोणता दाखवायचा हे ठरवणारे यंत्र मुलांच्या हातातील मोबाइलमध्ये आधीच येऊन बसले आहे, आणि त्याच्यावर विसंबण्याची सवय लागण्यापूर्वी ते कशावरून शिकते हे त्यांना कळावे असे मला वाटत होते. केंद्रीय मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, २०१९-२० पासून नववीला हा विषय ऐच्छिक म्हणून सुरू केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही त्याचा उल्लेख आहे. आणि २०२६-२७ पासून तिसरीपासूनच तो आणण्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. आमची मुले राज्य मंडळाच्या मराठी शाळांत आहेत. त्यांच्या वर्गात हे सगळे येईपर्यंत थांबण्याइतका धीर मला नव्हता.

पहिल्या दिवशी संगणक उघडलाच नाही, ही मला या वर्गाची सर्वांत चांगली गोष्ट वाटली. शिकवणाऱ्या मॅडमनी टेबलावर वांगी ओतली आणि भरताची कोणती व भाजीची कोणती हे ओळखण्याचा नियम मुलांना लिहायला सांगितला. खानदेशातील मूल ते, क्षणात लिहून मोकळे झाले, की मोठे हिरवे ते भरताचे आणि लहान जांभळे ते भाजीचे. मग मॅडमनी पिशवीतून भाजीचेच पण हिरवे वांगे काढले, त्यानंतर भरताचेच पण खुरटलेले, आणि नियम कोलमडला. दर वेळी नवा अपवाद जोडत मुलांचा नियम फळाभर झाला, तेव्हा मॅडमनी विचारले, ‘तुमच्या आईला एवढा नियम पाठ आहे का?’ नियम सांगण्याऐवजी पुष्कळ उदाहरणे दाखवून यंत्राला शिकवायचे ही कल्पना मुलांना तेथे जशी उमगली, तशी ती मला स्वतःला कुठल्याही लेखातून उमगली नव्हती.

तिसऱ्या दिवसापासून गूगलचे ‘टीचेबल मशीन’ हे मोफत साधन वापरायला दिले. ते ब्राउझरमध्येच चालते आणि त्याला प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. दोन किंवा अधिक गट करायचे, प्रत्येक गटात छायाचित्रे घालायची आणि बटण दाबायचे. लाखो छायाचित्रांवर आधीच शिकवलेले एक जाळे, म्हणजे चित्रांतले नमुने ओळखणारा प्रोग्रॅम, त्याच्या पायाशी असते, म्हणून मुलांच्या पन्नास-साठ छायाचित्रांवर त्याचे भागते. पुतण्याने अर्थातच केळीचा करपा, म्हणजे पानांवर ठिपके पाडणारा रोग, निवडला. गावाकडून येताना मळ्यात उभे राहून टिपलेली रोगट पानांची छायाचित्रे त्याच्या मोबाइलमध्ये होती. निरोगी पानांची मात्र नव्हती, म्हणून माझ्या थोरल्या भावांनी, म्हणजे आप्पांनी, चार चांगली पाने कापून एसटीने पाठवली आणि ती आमच्या गच्चीवर निळ्या ताडपत्रीवर पसरून त्याने फोटो काढले. वर्गात प्रयोग झाला तेव्हा यंत्राने एकही चूक केली नाही. टाळ्या पडल्या आणि पोराची कॉलर ताठ झाली.

त्यानंतर मॅडमनी त्यातलेच एक निरोगी पान उचलून दाराबाहेरच्या मातीवर धरले. पडद्यावर उत्तर आले, ‘करपा, ९७ टक्के’. मग माझ्या मुलीने आपले मातकट रंगाचे दप्तर कॅमेऱ्यापुढे धरले, तर त्यालाही करपा झालेला निघाला. हसू ओसरल्यावर मॅडमनी एवढेच विचारले, की याने पान पाहिले की पानामागचे काही. उत्तर मुलांनीच शोधले. रोगट पानांच्या मागे सर्वत्र माती होती आणि निरोगी पानांच्या मागे सर्वत्र निळी ताडपत्री, तेव्हा यंत्राने ताडपत्री आणि माती यांतला फरक शिकून घेतला होता. शिवाय दोनच गट दिलेले असल्यामुळे ‘हे पानच नाही’ असे तिसरे उत्तर त्याला देताच येत नव्हते. दप्तराचीही कोणत्या तरी एका गटात वर्णी लागणारच होती. टक्केवारी मोठी दिसली म्हणजे उत्तर बरोबर असते हा समज मोडायला त्या दप्तराइतका चांगला पाठ मी पाहिलेला नाही. ही गोष्ट लहान वयात शिकवावी असे मी म्हणतो ते याचसाठी. तेरा वर्षांच्या मुलीला यंत्र चुकले याची मौज वाटते आणि ती लगेच कारण शोधू लागते. माझ्या वयाच्या माणसाला एक तर यंत्रावर राग येतो किंवा स्वतःवरचा विश्वास उडतो.

सहाव्या दिवशीचा पाठ आवाजाचा होता. मोबाइलवर बोलून टंकण्याची सुविधा मुलांनी घरच्या माणसांवर वापरून पाहायची होती. माझ्या सासूबाई पारोळ्याच्या आणि घरात अहिराणीतच बोलतात. त्यांनी नातीला नेहमीप्रमाणे ‘काय करी राहिनी?’ असे विचारले, तर मोबाइलने मराठी म्हणून काही तरी भलतेच उतरवले. तीनदा सांगूनही वाक्य सरळ येईना. दुसऱ्या दिवशी मुलीने वर्गात हे सांगितले आणि ज्या बोलीतली उदाहरणे यंत्राला मिळालेली नाहीत ती बोली त्याला कशी कळणार, हे तिने स्वतःच जोडून घेतले. आजींना मात्र या सगळ्यात आपली चूक झाली असे वाटत होते आणि त्या दिवसभर मोबाइलपाशी जपून, पुस्तकी मराठी बोलत होत्या.

येथवर मी समाधानी होतो. शेवटच्या चार दिवसांत सगळा नूर बदलला. मॅडमच्या जागी दुसरे शिक्षक आले आणि चॅटजीपीटीसारख्या चॅटबॉटकडून निबंध, स्लाइड आणि सहामाहीचा प्रकल्प कसा काढून घ्यावा हेच शिकवले गेले. अमुक शब्द घाला की उत्तर चांगले येते, या पलीकडे त्यात काही नव्हते; आलेले उत्तर खरे की खोटे हे कसे तपासावे यावर पाच मिनिटेही गेली नाहीत. त्याहून वाईट म्हणजे पाचवी-सहावीच्या मुलांना खाते उघडताना जन्मसाल मागचे घालायला सांगितले. चॅटजीपीटीच्या अटींनुसार वापरणारा किमान तेरा वर्षांचा असावा लागतो आणि अठराच्या आतील मुलांना पालकांची परवानगी लागते. आम्हा पालकांना कोणी विचारले नव्हते. जे तंत्रज्ञान जबाबदारीने वापरायला शिकवायचे, त्याच्या दारातच मुलांकडून खोटे बोलवून घ्यायचे, हे मला मुळीच पटले नाही. मी कार्यालयात तक्रार केली, तेव्हा ‘सगळेच तसे करतात’ असे उत्तर मिळाले.

बाकीच्या उणिवा नेहमीच्या आहेत. चोवीस मुलांत लॅपटॉप दहाच होते, दोनदा इंटरनेट गेले, आणि टिपणे इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमाच्या मुलांना मॅडमच्या तोंडी समजावणीवरच भिस्त ठेवावी लागली. समारोपाला प्रत्येकाला ‘एआय तज्ज्ञ’ असे प्रमाणपत्र देण्यात आले आणि लगोलग अठरा हजारांच्या पुढच्या पातळीचे पत्रक पालकांच्या हातात पडले. ते प्रमाणपत्र मुलीने दप्तरात ठेवले आहे, करपा झालेल्या त्याच दप्तरात.

पुतण्याने गावी परतल्यावर सगळी पाने, रोगट आणि निरोगी, एकाच गोणपाटावर ठेवून पुन्हा टिपली. आता मोठे, मधोमध राखाडी झालेले ठिपके यंत्र बरेचसे ओळखते. शिरांना समांतर उमटणाऱ्या सुरुवातीच्या फिकट पिवळ्या रेषा मात्र त्याला दिसत नाहीत, आणि फवारणीचा किंवा पानाचा रोगट भाग कापून टाकण्याचा निर्णय तर त्या रेषा पाहूनच घ्यायचा असतो. हे साधन प्रत्येक छायाचित्र २२४ बाय २२४ बिंदूंइतके लहान करून घेते, त्यात अशा बारीक रेषा पुसल्या जातात, हे त्याने मॅडमना फोन करून विचारून घेतले. आप्पा पान उन्हाकडे धरून तीच रेष बोटाने दाखवतात. पुतण्या आता त्या बोटाजवळ मोबाइल नेऊन नुसता त्या पट्ट्याचाच फोटो काढतो आहे.

पाचपैकी साडेतीन तारे, आणि ते सगळे मॅडमच्या पहिल्या सहा दिवसांना. उन्हाळी सुटीच्या तुकडीची नोंदणी सुरू झाली आहे. धाकट्या मुलाला तेवढ्या सहा दिवसांपुरतेच घ्या, असे मी कार्यालयात सांगून पाहिले. ते तयार आहेत, मात्र फी पूर्ण दहा दिवसांची लागेल म्हणतात.