वणव्याच्या धुरासाठी मास्क: डोक्यामागनं दोन पट्ट्यांचाच घ्या

आम्ही जांबोटी भागातले, बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका. फेब्रुवारी सरला की डोंगर पेटायची धास्ती लागतेय आणि गेल्या मार्चात सलग चार दिवस धूर गावातनं हललाच नाही. दिवसा ऊन तापलं की जरा वर जातोय, पण रात्री गार हवा खाली बसली की धूर पण तिच्यासोबत खाली बसतोय, पहाटे तर घराबाहेर उभारवत नव्हतं. बाबांना दमा आहे, पंप चालू आहे तरी पहिली रात्र त्यांनी बसूनच काढली.

आईनं आधी ओला रुमाल बांधला त्यांच्या नाकाला. त्यानं राख अडते, पण छातीत जाऊन बसणारे कण 2.5 मायक्रॉनपेक्षा लहान, आपल्या केसाच्या जाडीपुढं काहीच नाहीत, ते रुमालातनं सरळ आत जातात. मग मी घाईत कानात अडकवायचे, वर नुसतं एन95 छापलेले मास्क आणले, स्वस्त मिळाले म्हणून दहा घेतले. बाबांनी घातला आणि लगेच चष्म्यावर वाफ! म्हणजे नाकाजवळ फट, धूर तिथनंच आत. पैसे वाया गेले त्याचं एवढं नाही, पण दोन दिवस आम्ही निर्धास्त राहिलो त्याचं फार वाईट वाटतंय.

तिसऱ्या दिवशी बेळगावला खडेबाजारातल्या एका मेडिकलमधनं डोक्यामागनं दोन पट्ट्या असलेले आणले, एफएफपी2 (एन95सारखीच बारीक कण अडवायची प्रत), आयएसआय मार्क आणि आयएस 9473, म्हणजे अशा मास्कच्या भारतीय मानकाचा नंबर, छापलेला. दुकानदारानं घालून दाखवला म्हणून कळलं. एक पट्टी मानेवर कानाच्या खाली, दुसरी डोक्यावर वर, नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची (एका हातानं चिमटली की मधे टोक येतंय), मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा. डोळ्याकडं किंवा गालाकडं हवा लागली तर परत बसवायचा. माझ्या भावाला दाढीमुळं बसलाच नाही, शेवटी दाढी केली त्यानं.

फरक पडला का, तर हो, बाबा सकाळी गोठ्यापर्यंत जाऊन आले आणि खोकला कमी होता. पण यात श्वास घ्यायला जोर लागतोय, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आम्ही विचारलं. अर्ध्या तासानंतर तोंड घामानं भिजतंय, त्याचा एक स्टार कापला, पाचपैकी चार.

आणि धुऊ नका बरं का! आईनं एक साबणानं धुतला, वाया गेला, आतल्या थरावर कण ओढून धरणारा विद्युतभार असतोय तो साबणानं जातोय. मास्क फक्त कण अडवतोय, कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू नाही, तेव्हा हा घालून काजूच्या बागेतली आग विझवायला आत शिरू नका.

लहान पोरांच्या तोंडाला हे बसत नाहीत. पुतणीसाठी एक खोली बंद केली, दाराखाली ओलं फडकं कोंबलं, त्या खोलीत उदबत्तीसुद्धा लावली नाही आणि चूल चार दिवस बंदच ठेवली. धूर आल्यावर दुकानात धावायला नको म्हणून यंदा मास्क जानेवारीतच आणून ठेवणार आहे, बाबांसाठी वेगळे पाच.