आरएमएसडी की टीएम-स्कोअर? केळी-फणसाच्या लेक्टिनची जोडी लावताना

केळी आपल्या रावेर-यावलची, फणस कोकणातून येणारा. दोन्हींतल्या लेक्टिन (म्हणजे साखरेला धरणाऱ्या) प्रथिनांची घडण मात्र एकाच घराण्यातली. जळगाव-धुळ्याकडच्या एम.एस्सी. प्रकल्पाला ही जोडी झकास. प्रश्न एवढाच, की दोघांच्या रचना किती जुळतात हे कोणत्या आकड्यात सांगायचं: आरएमएसडी (जोडीच्या अणूंमधल्या अंतरांची एक प्रकारची सरासरी), की टीएम-स्कोअर (0 ते 1 मधला जुळणीचा गुण).

आरएमएसडी हाताने काढता येतो. सी-अल्फा अणूंच्या (प्रत्येक अमिनो आम्लातला मधला कार्बन) जोड्या लावा, दोन्ही संचांचे मध्यबिंदू एकत्र आणा, काब्श या शास्त्रज्ञाच्या 1976 च्या रीतीने एक संच दुसऱ्यावर फिरवून बसवा आणि अंतरांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ घ्या. कोड स्वतः लिहीत असाल, तर फिरवणाऱ्या मॅट्रिक्सचा निश्चयक तपासा. तो उणे 1 आला, तर रेणू आरशातला झालाय.

खोट त्या वर्गातच आहे. समजा, बसवल्यावर 140 अणूंपैकी 130 मध्ये 1 अँग्स्ट्रॉमचा (0.1 नॅनोमीटर) फरक उरला आणि एका सैल लूपमधल्या (साखळीच्या मोकळ्या वळणातल्या) 10 मध्ये 12 चा. आरएमएसडी येतो 3.35. दहा अणूंनी सगळ्यांची पत घालवली.

2004 चा टीएम-स्कोअर लांबचं अंतर आपोआप हलकं धरतो. साखळीच्या लांबीतून (अमिनो आम्लांच्या संख्येतून) 15 वजा करा, घनमूळ घ्या, 1.24 ने गुणा, 1.8 वजा करा. 140 साठी हे माप 4.4 अँग्स्ट्रॉम. प्रत्येक अंतराला त्याने भागून वर्ग करा, 1 मिळवा, व्यस्त घ्या आणि सगळ्यांची सरासरी काढा. वरच्याच अंतरांवर 0.89 मिळतो. 0.5 च्या वर गेला, तर घडण साधारण एकच.

तेच प्रथिन, तेच अणू, किंवा डॉकिंगमधला (संगणकावर प्रथिनात बसवून पाहिलेला) छोटा रेणू असेल तर आरएमएसडीच घ्या. छोट्या रेणूला तर टीएम-स्कोअर लागूच होत नाही. केळी-फणसासाठी मात्र टीएम-अलाइन, म्हणजे अणूंच्या जोड्या स्वतः लावून टीएम-स्कोअर काढणारा प्रोग्रॅम. तो दोन आकडे देतो, एकेका साखळीच्या लांबीने भागलेला; कोणता घेतला ते अहवालात लिहाच.

खरी फसगत रचनेच्या फाइलमध्ये होते. फणसातल्या जॅकॅलिन या लेक्टिनची (रचना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतली, 1996) साखळी झाडातच तुटते: 20 अमिनो आम्लांची बीटा, 133 ची अल्फा. केळीची अखंड आहे. प्रोग्रॅम एरवी पहिलीच साखळी वाचतो, म्हणजे बीटा गळते. नुसती शेवटी चिकटवली तरी चूक, कारण मूळ क्रमात ती अल्फाच्या आधी येते. हा खटाटोप नको असेल, तर फणसातलंच आर्टोकार्पिन घ्या. ते अखंड आहे, आणि केळीच्या लेक्टिनसारखं मॅनोज ही साखर धरतं.