रीपर: साध्या लॅपटॉपवरचा भरवशाचा स्टुडिओ
लॅपटॉपवर गाणे ध्वनिमुद्रित करून त्याचे मिक्सिंगही स्वतःच करू पाहणाऱ्यांना मी कॉकोस कंपनीचे ‘रीपर’ हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर निःसंकोच सुचवेन. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते, ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते आणि व्यक्तिगत वापराचा परवाना ६० डॉलरांना मिळतो. रूपक तालाच्या सात मात्रांसाठी टाइम सिग्नेचर (एका बारमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एका खंडात, किती मात्रा ते) ७/४ ठेवून क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्यांवर, ठेका मुद्रित केला, की प्रत्येक आवर्तनाची सम बारच्या रेघेवरच येते. शिवाय इफेक्ट (आवाजात बदल करणारी प्रक्रिया) संपूर्ण ट्रॅकऐवजी मुद्रणाच्या एखाद्या तुकड्यालाच लावता येत असल्याने तानेत एका जागी चढलेला आवाज तेवढाच आवरता येतो, आणि ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते. मात्र वाद्यांचे तयार ध्वनी सोबत जवळजवळ मिळतच नाहीत. त्यामुळे सारी रचना की-बोर्डवरच करणाऱ्याने आधी एबलटन लाइव्ह किंवा एफएल स्टुडिओ यांसारखे सॉफ्टवेअर पाहावे.